बोट डोंगरावर चढवा, पण आधी युनिटच्या जेवणाचं बोला

दिग्दर्शकांवरच्या माहितीपटांचा मला कंटाळा आहे. बहुतेक सगळे सत्कार समारंभच असतात. एखादा नट खुर्चीत बसून सांगतो की सरांचं व्हिजनच वेगळं, कॅमेरामन सांगतो की सरांना फ्रेम आधीच दिसते, मग संथ संगीत लागतं आणि सर खिडकीबाहेर बघतात. शाल-श्रीफळ तेवढं राहिलेलं असतं. लेस ब्लँकचा 'बर्डन ऑफ ड्रीम्स' (१९८२) त्यातला नाही. जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोग पेरूच्या जंगलात 'फिट्झकाराल्डो' करत होता, तेव्हा ब्लँक आणि मॉरीन गॉसलिंग हे अमेरिकन जोडीदार कॅमेरा आणि टेप घेऊन त्याच्या कँपात जाऊन राहिले. कॅमेरा ब्लँकचा, साउंड आणि एडिटिंग गॉसलिंगचं. ९५ मिनिटांचा ऐवज आहे.

मी हे प्रॉडक्शनवाल्याच्या नजरेनं लिहितोय, ते आधीच सांगून टाकतो. कोल्हापूर-पन्हाळा पट्ट्यात मालिका आणि सिनेमांचं प्रॉडक्शन सांभाळतो. नाष्टा वेळेत आला का, मॉबच्या, म्हणजे गर्दीतल्या कलाकारांच्या, गाड्या निघाल्या का, जेनीत (जनरेटरमध्ये) डिझेल आहे का, ग्रामपंचायतीचं पत्र मिळालं का, हे माझं काम. दिग्दर्शकाच्या डोक्यात काय चाललंय याच्याशी माझा संबंध येतो तो त्याचं बिल होतं तेव्हा. सर्जनशील प्रक्रिया वगैरे शब्द ऐकले की मी चहाला उठतो. या फिल्मला उठलो नाही, कारण ती प्रक्रिया इथं चिखलात, डिझेलमध्ये आणि माणसांच्या पाठीवर दिसते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'फिट्झकाराल्डो' ही रबराच्या तेजीच्या काळातल्या एका ऑपेरावेड्याची गोष्ट. त्याला पेरूतल्या इकितोसमध्ये ऑपेरा हाउस बांधून तिथे कारूसोला, त्या काळच्या नामांकित इटालियन ऑपेरा गायकाला, गायला आणायचंय. पैसा हवा म्हणून तो दुर्गम भागातलं रबराचं रान घेतो, आणि तिथे पोचायला एका नदीतली आगबोट डोंगरावरून ओढून दुसऱ्या नदीत उतरवतो. खऱ्या इतिहासात कार्लोस फेर्मिन फिट्झकाराल्ड नावाच्या रबरवाल्यानं असं केलं होतं, पण त्याची बोट साधारण ३० टनांची आणि तीही सुटे भाग करून नेलेली. हर्झोगनं ठरवलं, आपली बोट ३२० टनांची, अख्खी, आणि चढ ४० अंशांचा. मिनिएचर नाही, ट्रिक नाही. स्टुडिओवाल्यांनी प्लॅस्टिकची बोट सुचवली होती, तिला त्यानं उडवून लावलं.

आता कुठलाही प्रॉडक्शनवाला इथं कपाळाला हात लावेल. मीही लावला. पण फिल्म बघताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. मागं एका ऐतिहासिक मालिकेत गडावर तोफ चढवायचा सीन होता. आर्टवाल्यांनी फायबरची सुरेख तोफ केली होती, रंगकाम असं की हात लावेपर्यंत कळू नये. दोन पोरं ती सहज उचलत. कॅमेऱ्यापुढं वीस जण दोर लावून ओढायला लागले आणि सगळा खेळ उघडा पडला. चेहरे वाकडे करत होते, दात-ओठ खात होते, घामाचा स्प्रेही मारला होता, पण टाचा मातीत रुतत नव्हत्या. दोराला ताण नव्हता. ओझं नसलं की पाठ खोटं बोलते आणि ते लपत नाही. शेवटी डायरेक्टरनं क्लोजअप वाढवले आणि वेळ मारून नेली. हर्झोगला जे हवं होतं ते हेच, फक्त त्यानं क्लोजअप वाढवले नाहीत. त्याचं म्हणणं, बोट खरी असली की लाकूड करकरतं, लोखंडी दोर गातो, माणसं खरोखर घाबरतात, आणि प्रेक्षकाला पुन्हा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येतो. हे पटतं. अडचण एवढीच की ती खरी बोट खऱ्या माणसांच्या अंगावरही खरीच येऊ शकते. ब्लँकची फिल्म या दोन वाक्यांच्या मध्ये उभी आहे आणि तिथून हलत नाही.

सुरुवातीची पंधरावीस मिनिटं म्हणजे प्रॉडक्शनच्या पोटात गोळा आणणाऱ्या बातम्यांची माळ. पहिला कँप लागला इक्वेडोरच्या सीमेजवळ, अग्वारुना आदिवासींच्या मुलखात. तिथे आधीच लष्कर, तेल कंपन्या, जमिनीचे वाद. त्यात हे गोरे लोक येऊन झोपड्या बांधतात. अफवा उठल्या, हर्झोगवर नाही नाही ते आरोप झाले, आणि १९७९च्या डिसेंबरात अग्वारुनांनी कँप रिकामा करायला लावून पेटवून दिला. ब्लँक इथं हर्झोगची बाजू घेत नाही, हे मला आवडलं. अग्वारुनांचा माणूस कॅमेऱ्यापुढं येतो आणि सांगतो की आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही लोकेशन घेतो तेव्हा सरपंचाला भेटून, पत्र घेऊन, देवीला नारळ फोडून मोकळे होतो. ज्यांच्या वावरातून गाड्या जाणार त्यांना विचारायचं बऱ्याचदा राहतंच. तिथून तक्रार आली की आपण म्हणतो, गाववाले त्रास देतात.

कँप हलला शेकडो मैल दक्षिणेला, कामिसेआ आणि उरुबांबा नद्यांच्या मधल्या जंगलात. १९८१च्या सुरुवातीला इकितोसला शूटिंग सुरू झालं. मुख्य भूमिकेत अमेरिकन नट जेसन रोबार्ड्‌स, त्याच्या साथीदाराच्या भूमिकेत चक्क रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा गायक मिक जॅगर. ४० टक्के काम झालं आणि रोबार्ड्‌सला अमिबाचा आव झाला. अमेरिकेला गेला, डॉक्टरांनी परत पाठवायला नकार दिला. जॅगरला बँडच्या दौऱ्यावर जायचं होतं, तारखा संपल्या. हर्झोगनं जॅगरची भूमिका स्क्रिप्टमधून काढूनच टाकली, कारण म्हणे त्याच्या जागी दुसरा कुणी चालणार नाही. रोबार्ड्‌सच्या जागी आला जर्मन नट क्लाउस किन्स्की, आणि सगळं पहिल्यापासून.

त्या बाद झालेल्या शूटिंगचा एक तुकडा ब्लँकनं ठेवलाय. चर्चच्या मनोऱ्यावर रोबार्ड्‌स आणि जॅगर घंटा बडवत ओरडतायत की गावाला ऑपेरा मिळेपर्यंत चर्च बंद. जॅगर माकडासारखा लटकतोय, मजा करतोय. मग तोच मनोरा, तीच घंटा, आणि एकटा किन्स्की. पहिल्यात दोन गमतीशीर इसम दिसतात. दुसऱ्यात एक माणूस, ज्याच्या डोळ्यांकडे बघून खालच्यांनी मुलांना घरात घ्यावं. एकच ओळ, एकच जागा, आणि नट बदलला की सिनेमा कसा वेगळाच होतो, हे समजावायला कुठल्याही फिल्म इन्स्टिट्यूटला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. कुणी समजावत नाही, नुसतं दाखवलंय.

आता त्या चढाकडे येऊ, कारण फिल्मचा कणा तोच आहे. बोट ओढायची योजना आखायला ब्राझीलचा एक इंजिनिअर आणला होता, लाप्लास मार्तिन्स. शांत माणूस, पदाचा तोरा नाही. डोंगरमाथ्यावर खोल गाडलेला खांब, त्याला कप्प्या, कप्प्यांतून पोलादी दोर, आणि ओढायला बुलडोझर. कप्प्यांमुळे ताकद कितीतरी पट वाढते, वेग तेवढाच कमी होतो, म्हणून बोट इंचाइंचानं सरकते. पडद्यावर जी चाकं फिरवणारी आदिवासी माणसं दिसतात, त्यांच्या मागं हे यंत्र लपलेलं आहे, आणि ब्लँक ते लपवत नाही. मार्तिन्स सांगतो, उतार कमी करा. हर्झोग म्हणतो, उतार कमी केला तर रूपकच मरतं. मार्तिन्स सांगतो, खांब उपटला किंवा दोर तुटला तर खालची माणसं मरतील. मग तो राजीनामा देऊन निघून जातो.

हा प्रसंग मी परत परत लावून बघितला. त्यात आरडाओरडा नाही. एक जण आकड्यांत बोलतोय, दुसरा स्वप्नात, आणि दोघंही आपापल्या जागी अगदी सभ्य. आमच्याकडं असा माणूस असता तर त्याला 'निगेटिव्ह' म्हणून बाजूला केलं असतं. फाइट मास्तरचा असिस्टंट हळूच सांगतो की वायर जुनी झालीय, जेनीवाला सांगतो की अर्थिंग नाही, आणि आपण म्हणतो, एक टेक घे, मग बघू. मला विचाराल तर या फिल्मचा नायक मार्तिन्स आहे. त्याला मिनिटं मोजकीच मिळालीत, पण हर्झोगच्या सगळ्या भाषणांपेक्षा त्याचं निघून जाणं मोठं आहे. हर्झोगनं त्याच्यानंतरही काम चालू ठेवलं, मात्र ओढताना चढावर बोटीच्या मागं माणसं राहू दिली नाहीत असं तो सांगत आलाय. म्हणजे मार्तिन्सचं म्हणणं कुठंतरी पोचलं होतं.

बुलडोझरबद्दलही लिहायला हवं, त्या बिचाऱ्याला समीक्षेत जागा मिळत नाही. तो सारखा बंद पडतो. चिखलात रुततो, तेल गळतं, सुटा भाग विमानानं येईपर्यंत सगळं युनिट हातावर हात ठेवून बसतं. पाऊस ओढ देतो, नदीचं पाणी उतरतं, बोटी गाळात बसतात. एकसारख्या दोन बोटी केल्या होत्या, एक डोंगरावर चढत असताना दुसरी उरुबांबा नदीवरच्या पोंगो दे मायनिके या अरुंद घळीतल्या धारेत सोडायला. डोकं चांगलं चालवलं होतं, पण नदीला शेड्यूल कुठं माहीत असतं. धारेतल्या शूटिंगमध्ये कॅमेरामन थॉमस मॉखचा हात फाटला.

वाट बघण्याच्या या दिवसांत ब्लँकची खरी कमाल दिसते. हा माणूस मुळात खाणं आणि गाणं यांच्या फिल्म करणारा. लसणावर त्यानं एक अख्खी फिल्म केलीय आणि ती दाखवताना थिएटरात लसूण शिजवून वास सोडायचा. त्यामुळे सगळं युनिट बोटीकडे डोळे लावून बसलेलं असताना ब्लँकचा कॅमेरा स्वयंपाकाकडे वळतो. बायका उकडलेला कसावा तोंडात चघळून भांड्यात थुंकतायत, लाळेनं तो आंबतो आणि त्याचं मासातो नावाचं पेय होतं. गप्पा चालू आहेत, पोरं अंगावर लोळतायत, थुंकणं चालू आहे. क्लोजअप थेट, नाक मुरडणं नाही आणि 'बघा बघा आदिवासी' असा सूरही नाही. कपडे धुणं, फुटबॉल, किडे, पक्षी. हर्झोग जंगलाकडं बघतो ते शत्रूसारखं, ब्लँक बघतो ते शेजाऱ्यासारखं. एकाच जागी दोन दिग्दर्शक उभे आहेत आणि फिल्मचा ताण खरा तिथून येतो.

याच भागात कळतं की आदिवासी कलाकारांचा कँप वेगळा ठेवला होता, त्यांच्या राहणीत ढवळाढवळ नको म्हणून. मजुरी तिथल्या चालू दरापेक्षा जास्त होती. कँपमध्ये पुरुष महिनोन्‌महिने अडकलेले, म्हणून एका मिशनरी पाद्र्याच्या सल्ल्यानं वेश्या आणून ठेवल्या होत्या. ब्लँक त्यांच्याशीही बोलतो. फिल्म हे सगळं त्याच संथ आवाजात सांगते ज्या आवाजात बोटीचं वजन सांगते, आणि इथं मला ती कमी पडली. प्रत्येक गोष्टीला एकच सूर चालत नाही. एका रात्री नदीच्या वरच्या अंगाला मासेमारीला गेलेल्या माणसांवर अमाव्हाका आदिवासींनी बाण सोडले, एकाच्या मानेत घुसला, त्याच्या बायकोलाही लागला. ऑपरेशन कँपातच झालं. हर्झोग तो लांबलचक बाण हातात धरून दाखवतो. ती माणसं वाचली, पण आमच्याकडं असं झालं असतं तर शूटिंग त्याच दिवशी गुंडाळलं असतं. तिथं दुसऱ्या दिवशी कॉल टाइम होताच.

सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे हर्झोगचं जंगलाविषयीचं स्वगत. मागं हिरवं रान, पुढं थकलेला माणूस, जर्मन वळणाचं इंग्रजी. किन्स्कीला म्हणे इथं शृंगार दिसतो, मला नुसती अश्लीलता दिसते. इथं एकच सुसंवाद आहे, तो म्हणजे सामूहिक खुनाचा. पक्षी गात नाहीत, वेदनेनं किंचाळतात. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर, माझा या जंगलावर जीव आहे, पण तो माझ्या विवेकाविरुद्ध. इंटरनेटवर त्याच्या गमतीशीर क्लिप्स फिरतात. एकटी क्लिप बघून हसू येतं. फिल्ममध्ये त्या जागी पोचेपर्यंत आपण त्याच्याबरोबर इतका चिखल तुडवलेला असतो की हसू अर्ध्यावर अडकतं. दोन वर्षं पावसानं, बुलडोझरनं आणि नटांनी छळलेला माणूस असंच बोलणार. मीही शेड्यूलच्या तिसऱ्या आठवड्यात सह्याद्रीबद्दल जे बोललोय ते छापण्यासारखं नाही.

किन्स्कीबद्दल मात्र एक गंमत. त्याच्या सेटवरच्या गाजलेल्या आकांडतांडवासाठी जे लोक ही फिल्म बघायला जातील त्यांची निराशा होईल. इथला किन्स्की कँपातल्या कंटाळ्याबद्दल कुरकुरतो, बस्स. खरा तमाशा ब्लँकनं शूट केला होता आणि वापरलाच नाही. हर्झोगनं पुढं १९९९मध्ये किन्स्कीवर 'माय बेस्ट फीन्ड' केली, त्यात तो आहे. कोणावर ओरडतोय? प्रॉडक्शन बघणाऱ्या वाल्टर झाक्सरवर. कशावरून? जेवणावरून! जग बदललं तरी ही एक गोष्ट बदलत नाही. झाक्सर उभा राहून ऐकून घेतो, मधूनमधून उत्तर देतो, आसपासचे स्थानिक लोक मान खाली घालून बसलेत. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आणि असं सोन्यासारखं फुटेज हातात असताना ते बाहेर ठेवणाऱ्या ब्लँकच्या संयमाचंही नवल वाटलं. आजच्या कुठल्याही मेकिंगवाल्यानं तोच ट्रेलर केला असता. ब्लँकला सर्कस दाखवायची नव्हती.

फिल्मच्या शेवटाकडे हर्झोग म्हणतो की मी आता सिनेमे करणं थांबवावं, सरळ वेड्यांच्या इस्पितळात जावं. आणि असंही म्हणतो की ही स्वप्नं माझ्या एकट्याची नाहीत, तुमचीही आहेत, फरक एवढाच की मला ती मांडता येतात. वाक्य देखणं आहे. पण त्या आधी दीड तास मी दोर खेचणारी, चाकं फिरवणारी, चिखलात बसून राहिलेली माणसं बघितलीयत, आणि त्यांचं स्वप्न आगबोट डोंगरावर न्यायचं होतं यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना जमिनीचे कागद हवे होते. हर्झोगनं त्यासाठी मदत करायचा शब्दही दिला होता. ब्लँकनं त्या लोकांशी जास्त बोलायला हवं होतं. ते दिसतात खूप, ऐकू कमी येतात. माझी मोठी तक्रार हीच.

'फिट्झकाराल्डो'ला १९८२च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. बरेच जण म्हणतात की मेकिंगची फिल्म मूळ सिनेमापेक्षा सरस आहे. मला तसं वाटत नाही. बोट चढायला लागते आणि ग्रामोफोनवर कारूसो चालू असतो तेव्हा मूळ सिनेमा जे करतो ते ब्लँकच्या कुवतीबाहेरचं आहे. पण ती करकर ऐकताना आता मला मार्तिन्स आठवतो, ही ब्लँकची करणी.

आपल्याकडं हे फार कमी झालंय म्हणून हळहळ वाटते. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालीच चित्रपट कसा तयार होतो यावर छोटा माहितीपट केला होता, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. म्हणजे सुरुवात आपण वेळेत केली होती. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला, सेट स्वतः रंगवले. त्यांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो, पण नटाला समजावताना ते कसे दिसत, चिडले की काय करत, हे मला कधी बघायला मिळालं नाही.

क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची डिस्क कुठं मिळाली तर तीच घ्या. चित्र स्वच्छ आहे, कॉमेंटरी ट्रॅकवर ब्लँक, गॉसलिंग आणि हर्झोग तिघंही आहेत. सोबत ब्लँकचीच २० मिनिटांची फिल्म आहे, ज्यात हर्झोग पैज पूर्ण करायला स्वतःचा बूट शिजवून खातो. एरॉल मॉरिस या माहितीपटवाल्यानं आपली पहिली फिल्म पूर्ण केली तर मी बूट खाईन असं तो म्हणाला होता. मॉरिसनं केली, मग यानंही खाल्ला, बर्कलीच्या थिएटरात लोकांसमोर. ती आधी बघा, मग 'फिट्झकाराल्डो', आणि हा शेवटी. उलट क्रमानं बघितलं तर मूळ सिनेमात तुम्ही गोष्टीऐवजी खांबच शोधत बसाल. आणि तुम्ही प्रॉडक्शनमध्ये असाल तर शेड्यूल चालू असताना अजिबात बघू नका. डायरेक्टरला तर दाखवूच नका.